विश्लेषण : दुष्काळ पावसामुळे की शेतसाऱ्यामुळे? थेट व्हॉइसरॉयला जाब विचारणारे अर्थ-इतिहासकार रमेशचंद्र दत्त कोण होते?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चार वर्षांत भारतावर दोन भीषण दुष्काळ कोसळले. पहिला १८९६-९७ चा, दुसरा १८९९-१९०० चा. दुसऱ्याची आठवण गुजरात आणि राजस्थानात आजही 'छप्पनिया' या नावाने काढली जाते. पाऊस पडला नाही, पीक बुडाले, माणसे मेली, असा सरकारचा साधा हिशेब होता. निसर्गापुढे सरकार काय करणार, हा त्यातला मथितार्थ.

या हिशेबात एक रकाना गाळला आहे, असे सांगणारा माणूस सरकारी नोकरीतूनच बाहेर पडला होता. २६ वर्षे आयसीएस अधिकारी म्हणून काम केलेल्या रमेशचंद्र दत्त यांनी प्रश्न वेगळ्या पद्धतीने मांडला. पाऊस चुकला की पीक जाणारच. पण एका वर्षाचे पीक गेल्यावर शेतकऱ्याच्या घरात दुसऱ्या दिवशी खायला काहीच का नसते? चांगल्या वर्षांतली शिल्लक कुठे जाते? या प्रश्नाचा माग काढताना त्यांनी जो दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, त्यातून भारताच्या आर्थिक इतिहासाची मांडणी उभी राहिली. 'ब्रिटिशांनी भारताला लुटले' हे वाक्य आज सहज उच्चारले जाते. त्यामागे आकडे, तारखा आणि कागदपत्रे उभी करणाऱ्यांत दत्त अग्रणी होते. त्यांची कारकीर्द, त्यांचे विचार आणि त्यावरील आक्षेप यांविषयी...

रमेशचंद्र दत्त कोण होते?

दत्त यांचा जन्म १३ ऑगस्ट १८४८ रोजी कोलकात्यात झाला. रामबागानचे दत्त घराणे इंग्रजी शिक्षण आणि साहित्यासाठी प्रसिद्ध होते. इंग्रजीत कविता लिहिणाऱ्या तोरू दत्त याच घराण्यातल्या. रमेशचंद्रांचे वडील ईशानचंद्र डेप्युटी कलेक्टर होते. १८६१ मध्ये नाव उलटून झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर काका शशीचंद्र यांनी त्यांचा सांभाळ केला.

हेअर स्कूल आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकल्यानंतर १८६८ मध्ये रमेशचंद्र बिहारीलाल गुप्ता आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी या दोन मित्रांसह इंग्लंडला निघाले. समुद्र ओलांडल्यास जात जाते, असे मानणारा तो काळ होता. त्यामुळे दत्त यांनी घरच्यांना अंधारात ठेवून प्रवास केला.

१८६९ च्या आयसीएस परीक्षेत चार भारतीय यशस्वी ठरले. हे तिघे मित्र आणि चौथे मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर. त्याआधी सत्येंद्रनाथ टागोर या एकाच भारतीयाला हे जमले होते. दत्त यांचा एकूण यादीत तिसरा क्रमांक आला. पुढे बॅरिस्टरची सनद घेऊन ते १८७१ मध्ये भारतात परतले आणि बंगालमध्ये असिस्टंट मॅजिस्ट्रेट म्हणून रुजू झाले.

नोकरीत काय पाहिले?

आयसीएस अधिकाऱ्याचे आयुष्य म्हणजे तंबू, घोडा आणि जमाबंदीची दप्तरे. कोणत्या गावाने किती सारा भरला, कोणाचा थकला, कोणाची जमीन लिलावात गेली, हे सगळे त्याच्या टेबलावर येते. दत्त यांनी ही दप्तरे बारकाईने वाचली.

१८७३ मध्ये पूर्व बंगालमधील पाबना जिल्ह्यात जमीनदारांच्या वाढीव खंडाविरुद्ध कुळांनी संघटित लढा दिला. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८७४ मध्ये, दत्त यांचे बंगालच्या शेतकऱ्यांवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. वयाच्या पंचविशीत, नोकरीची जेमतेम तीन वर्षे झालेली असताना, त्यांनी त्यात कुळांची बाजू घेतली. जमीनदाराने सरकारला किती द्यायचे, हे कायद्याने १७९३ मध्येच ठरले. मग कुळाने जमीनदाराला किती द्यायचे, हेही कायद्याने पक्के का होऊ नये, असा त्यांचा मुद्दा होता. जमीनदारवर्ग अर्थातच नाराज झाला. कुळांना संरक्षण देणारा बंगालचा कूळ कायदा १८८५ मध्ये आला, तेव्हा त्याचेही त्यांनी समर्थन केले.

१८७६ मध्ये मेघना नदीच्या मुखाशी असलेल्या बेटांवर प्रचंड चक्रीवादळ आदळले. त्यानंतर आजच्या बांगलादेशातील भोला, म्हणजे तेव्हाच्या दक्षिण शाहबाजपूर भागात मदतकार्यासाठी दत्त यांना पाठवण्यात आले. वादळातून वाचलेल्यांना पुढे कॉलऱ्याने गाठले. आपत्तीत पहिल्या तडाख्यापेक्षा त्यानंतरचे महिने अधिक जीव घेतात, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. पुढे दुष्काळावर लिहिताना हा अनुभव त्यांच्या कामी आला.

पदोन्नती होत गेली. बाकरगंजसारख्या मोठ्या जिल्ह्याचा कारभार त्यांच्याकडे आला आणि १८९४ मध्ये ते बर्दवान विभागाचे हंगामी आयुक्त झाले. एखाद्या भारतीयाला हे पद मिळण्याची ती पहिलीच वेळ. पुढे ओडिशाचे आयुक्तपदही त्यांच्याकडे होते. आणखी नऊ वर्षे नोकरी करता आली असती, पण १८९७ मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांनी निवृत्ती घेतली आणि लंडन गाठले. तेथे युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ते भारतीय इतिहासाचे व्याख्याते झाले.

कर्झन यांच्याशी वाद कशावरून?

१८९९ मध्ये लखनऊ येथे झालेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद दत्त यांच्याकडे आले. त्याच वर्षी लॉर्ड कर्झन यांनी व्हॉइसरॉयपदाची सूत्रे हाती घेतली होती आणि देशाच्या मोठ्या भागात दुष्काळ पडला होता. १९०० मध्ये दत्त यांनी कर्झन यांना उद्देशून जाहीर पत्रे लिहिली. मध्य प्रांत, मद्रास, मुंबई, बंगाल आणि उत्तर भारत अशा एकेका प्रांताची जमीन महसूल व्यवस्था घेऊन त्यांनी तिची चिरफाड केली.

त्यांचे म्हणणे समजून घेण्यासाठी तेव्हाच्या दोन पद्धती माहीत हव्यात. बंगालमध्ये १७९३ पासून कायमधारा पद्धत होती. जमीनदाराने सरकारला द्यायची रक्कम एकदाच ठरली, ती पुन्हा वाढणार नव्हती. मद्रास आणि मुंबई इलाख्यात रयतवारी होती. येथे सरकार थेट शेतकऱ्याकडून सारा घेई आणि साधारण ३० वर्षांनी फेरआकारणी करून तो वाढवी.

दत्त यांच्या मते बंगालमध्ये सरकारी सारा एकूण उत्पन्नाच्या पाच-सहा टक्क्यांच्या आसपास होता. रयतवारी भागात तो कितीतरी जास्त होता. शिवाय पुढची वाढ किती असेल, हे शेतकऱ्याला आधी कळण्याचा मार्ग नव्हता. सारा रोखीत आणि ठरलेल्या तारखेलाच भरावा लागे. पीक हातात नसेल तर सावकाराकडे जाणे आले. म्हणजे चांगल्या वर्षाची शिल्लक सारा आणि व्याजात जाई आणि वाईट वर्षी घरात दाणा नसे. पावसाने पीक मारले तरी माणूस मरतो तो गरिबीमुळे, असा या पत्रांचा निष्कर्ष होता.

त्यासाठी एक भक्कम पुरावाही त्यांच्याकडे होता. या दुष्काळांत संपूर्ण देशात धान्य संपले होते, असे कधी झाले नाही. रेल्वेमुळे एका प्रांतातले धान्य दुसऱ्या प्रांतात पोहोचत होते. दुष्काळी भागातल्या लोकांकडे ते विकत घेण्यासाठी पैसे नव्हते. भूक आणि क्रयशक्ती यांचा हा संबंध अर्थशास्त्रात पुढे बराच अभ्यासला गेला. दत्त यांनी तो प्रशासकाच्या नजरेने टिपला होता.

१९०० च्या अखेरीस दत्त यांच्यासह काही निवृत्त अधिकाऱ्यांनी भारतमंत्र्यांना निवेदन दिले. सर विल्यम वेडरबर्न आणि बंगालचे माजी सरन्यायाधीश सर रिचर्ड गार्थ यांच्याही त्यावर सह्या होत्या. मागण्या मोजक्या होत्या. शेतीचा खर्च वजा जाता उरलेल्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त सारा नको. रयतवारीत तो एकूण उत्पन्नाच्या एक पंचमांशाच्या वर जाऊ नये. ३० वर्षांच्या आत फेरआकारणी नको. आणि भाव वाढले किंवा सरकारने पाटपाणी दिले, तरच वाढ व्हावी.

सरकारने काय उत्तर दिले?

निवृत्त अधिकाऱ्याच्या पत्रांना व्हॉइसरॉयने उत्तर देण्याची गरज नव्हती. तरीही कर्झन यांनी प्रांतिक सरकारांकडून अहवाल मागवले आणि जानेवारी १९०२ मध्ये जमीन महसूल धोरणावर सविस्तर ठराव प्रसिद्ध केला.

त्यात दत्त यांचा मुख्य मुद्दा फेटाळण्यात आला. कायमधारा असलेल्या बिहारमध्येही १८७३-७४ आणि १८९६-९७ मध्ये दुष्काळ पडलाच होता, याकडे सरकारने बोट दाखवले. एक पंचमांशाची मर्यादा घातली तर अनेक ठिकाणी सारा घटण्याऐवजी वाढेल, कारण प्रत्यक्षात तो त्याहून कमीच आहे, असाही दावा करण्यात आला. आधीच्या राजवटींच्या तुलनेत ब्रिटिशांचा सारा हलका आहे, हे त्यामागचे जुने पालुपद होतेच.

पण त्याच ठरावात सरकारने काही गोष्टी मान्य केल्या. मोठी साराव़ाढ एकदम न लादता टप्प्याटप्प्याने करावी. पिकाच्या स्थितीनुसार वसुलीत लवचिकता असावी. एखाद्या भागाची परिस्थिती खालावली असेल तर तेथील सारा कमी करावा. वादात दत्त हरले, असे सरकारी कागद सांगतो. त्याच कागदावर त्यांच्या टीकेचा परिणामही दिसतो.

ग्रंथ कसा तयार झाला?

सरकारी ठरावाने दत्त यांचे समाधान झाले नाही. आजचा सारा किती, यावरच्या भांडणाला अंत नव्हता. तेव्हा ही व्यवस्था मुळात कशी उभी राहिली, हे सुरुवातीपासून तपासण्याचे काम त्यांनी हाती घेतले होतेच. १९०२ मध्ये पहिला खंड आला. त्यात १७५७ च्या प्लासीच्या लढाईपासून १८३७ मध्ये राणी व्हिक्टोरिया गादीवर येईपर्यंतचा काळ आहे. १९०४ च्या दुसऱ्या खंडात व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतचा इतिहास येतो.

या ग्रंथाची ताकद त्याच्या साधनांमध्ये होती. दत्त यांनी बहुतेक पुरावा ब्रिटिशांच्याच कागदपत्रांतून काढला. पार्लमेंटच्या चौकशी समित्यांसमोर १८१३, १८३२ आणि १८४० मध्ये झालेल्या साक्षी, कंपनीचा पत्रव्यवहार, फ्रान्सिस बुकानन यांनी गावोगाव फिरून केलेली पाहणी, थॉमस मन्रो यांचे अहवाल. आरोपीच्याच वहीतून आरोपपत्र लिहिण्याचा हा प्रकार होता. त्यामुळे लेखकाला देशद्रोही म्हणून झटकून टाकणे अवघड झाले.

एक उदाहरण पुरेसे आहे. बंगालच्या शेवटच्या नवाबी वर्षात, १७६४ मध्ये, जमीन महसुलाची वसुली ८ लाख १७ हजार ५५३ पौंड होती. पुढच्या ३० वर्षांत कंपनीने तोच आकडा २६ लाख ८० हजार पौंडांवर नेला. म्हणजे तिपटीहून अधिक. याच दरम्यान १७७० चा दुष्काळ येऊन गेला होता. गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्ज यांच्या १७७२ च्या पत्रानुसार त्यात प्रांताची किमान एक तृतीयांश लोकसंख्या नष्ट झाली. तरीही १७७१ ची निव्वळ वसुली दुष्काळापूर्वीच्या १७६८ पेक्षा जास्त भरली, असे तेच पत्र सांगते. यावर दत्त यांना फारसे भाष्य करावे लागले नाही.

संपत्तीचे निःसारण म्हणजे काय?

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना 'आर्थिक निःसारण सिद्धांत' दादाभाई नौरोजी यांच्या नावाने माहीत असतो. दत्त यांनी त्याला ऐतिहासिक तपशिलाची जोड दिली.

१७६५ मध्ये कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा अधिकार मिळाला. त्याआधी भारतातून कापड, रेशीम, सोरा घेण्यासाठी कंपनीला इंग्लंडहून चांदी आणावी लागे. दिवाणीनंतर बंगालच्या शेतकऱ्याकडून घेतलेल्या साऱ्यातूनच बंगालचा माल खरेदी होऊ लागला आणि तो इंग्लंडला रवाना झाला. कागदोपत्री हा व्यापार होता. प्रत्यक्षात माल गेला आणि त्याबदल्यात देशात काहीच आले नाही.

कंपनी गेल्यावर स्वरूप बदलले. लंडनमधील भारत कार्यालयाचा खर्च, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शन, कर्जावरील व्याज, लष्कराचा काही खर्च भारताच्या तिजोरीतून इंग्लंडमध्ये होऊ लागला. याला 'होम चार्जेस' म्हणत. दत्त यांनी राणीच्या कारकिर्दीतील अखेरच्या दहा वर्षांचा, १८९१-९२ ते १९००-०१ चा हिशेब मांडला. या काळात भारत सरकारचे एकूण उत्पन्न ६४ कोटी ७० लाख पौंड होते. त्यातले १५ कोटी ९० लाख पौंड इंग्लंडमध्ये खर्च झाले. म्हणजे वर्षाला सरासरी सुमारे १ कोटी ६० लाख पौंड. तेव्हाच्या एका पौंडाला १५ रुपये या दराने ही रक्कम २४ कोटी रुपये होते. सरकारच्या दर चार रुपयांतला जवळपास एक रुपया देशाबाहेर जात होता.

देशात गोळा झालेला कर देशातच खर्च झाला, तर तो रस्ते, पगार, खरेदी या मार्गांनी पुन्हा लोकांकडे येतो. बाहेर गेलेला पैसा परत फिरत नाही, हे दत्त यांच्या मांडणीचे सूत्र होते. माँटगोमेरी मार्टिन या ब्रिटिश लेखकाने १८३८ मध्ये केलेली आकडेमोडही त्यांनी उजेडात आणली. वर्षाला ३० लाख पौंड बाहेर गेले तर ३० वर्षांत साधी बेरीज ९ कोटी पौंड होते. पण तेच पैसे भारतात राहून १२ टक्के चक्रवाढीने वाढले असते, तर रक्कम ७२ कोटी पौंडांच्या वर गेली असती. १२ टक्के हा भारतात तेव्हा सर्रास आकारला जाणारा व्याजदर होता.

विणकरांचे काय झाले?

ग्रंथातील दुसरा महत्त्वाचा धागा कापडाचा आहे. यंत्रावरचे कापड स्वस्त होते, म्हणून हातमाग हरला, हे सर्वसाधारण उत्तर. दत्त यांनी त्याआधीचा टप्पा दाखवला. भारतीय सुती आणि रेशमी कापड इंग्लंडच्या बाजारात तेथील कापडापेक्षा ५० ते ६० टक्के कमी दरात विकूनही नफा देत असे, असे इतिहासकार एच. एच. विल्सन यांनी नोंदवले होते. ते रोखण्यासाठी इंग्लंडने त्यावर ७० ते ८० टक्के आयातकर लावला किंवा थेट बंदी घातली. उलट भारतात येणाऱ्या इंग्लिश कापडावर नाममात्र कर होता. मँचेस्टरचे यंत्र आपल्या पायावर उभे राहीपर्यंत त्याला कुंपण मिळाले, भारतीय विणकराला मात्र ते मिळाले नाही.

मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्यावर हाच प्रकार पुन्हा झाला. १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के कर ठेवताना सरकारने भारतीय गिरण्यांच्या कापडावरही तितकेच अबकारी शुल्क लावले. देशी मालाला काडीचाही फायदा मिळू नये, अशी ही व्यवस्था लँकेशायरच्या दबावातून आली होती. दत्त यांनी त्यावर कडाडून टीका केली. हे शुल्क हटायला १९२५ साल उजाडावे लागले.

रेल्वेबाबतही त्यांचा सूर वेगळा होता. रेल्वे नको, असे ते म्हणत नव्हते. खासगी ब्रिटिश कंपन्यांना पाच टक्के परताव्याची हमी देऊन रेल्वे बांधली गेली. तोटा झाला तर तो भारतीय करदात्याने भरायचा. खर्चात काटकसर करण्याचे कंपनीला कारणच उरले नाही. याच काळात पाटबंधाऱ्यांवर त्या तुलनेत फारच कमी खर्च झाला. धान्य वाहून नेण्याची सोय झाली, ते पिकवण्याची हमी देणारे पाणी मात्र मिळाले नाही, ही त्यांची तक्रार होती.

महाराष्ट्राशी संबंध काय?

दत्त यांचे महाराष्ट्राशी पहिले नाते साहित्यातून जुळले. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांच्या आग्रहावरून ते बंगालीत लिहू लागले. त्यांची 'महाराष्ट्र जीवन प्रभात' ही १८७८ मधील कादंबरी छत्रपती शिवाजी महाराजांच्या उदयावर आहे. बंगालमध्ये शिवचरित्राविषयी कुतूहल वाढण्यास अशा लेखनाने हातभार लावला. पुढे त्यांनी ऋग्वेदाचा बंगाली अनुवाद केला, रामायण-महाभारताचे संक्षिप्त इंग्रजी पद्यरूप सिद्ध केले आणि १८९४ मध्ये ते बंगीय साहित्य परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले.

दुसरा संबंध दख्खनच्या शेतीचा. पेशवाईच्या अस्तानंतर पुणे भागात आर. के. प्रिंगल यांनी केलेली आकारणी जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्क्यांवर बेतलेली होती. ती इतकी जड ठरली की शेतकरी जमिनी सोडून निघून गेले. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने मोजणी सुरू केली, दर उतरवले आणि ते ३० वर्षांसाठी बांधून दिले. पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली आली. दर कमी केला की शेती सावरते, याचा हा दाखलाच होता.

ही मुदत १८६० च्या दशकात संपली. त्या सुमारास अमेरिकी यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढलेले होते. फेरआकारणीत सारा वाढला आणि युद्ध संपल्यावर भाव कोसळले. वाढलेला सारा भरण्यासाठी कर्ज, कर्जासाठी जमीन गहाण, हे चक्र फिरू लागले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून कर्जरोखे जाळले आणि दंग्याचे लोण पुणे-नगर भागात पसरले. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यातूनच आला. सरकारने सावकाराला आवर घातला. सावकाराच्या दारात शेतकऱ्याला कोण ढकलते, हा दत्त यांचा प्रश्न मात्र शिल्लकच राहिला.

न्या. महादेव गोविंद रानडे यांचा भर उद्योग उभारणीवर, दादाभाईंचा निःसारणावर, तर दत्त यांचा जमीन महसुलावर होता. एकाच काळातल्या या तिघांच्या मांडणीतून भारतीय राष्ट्रवादी अर्थविचार घडला.

बडोद्यात काय करून दाखवले?

टीका करणाऱ्याला कारभार करून दाखवण्याची संधी क्वचितच मिळते. दत्त यांना ती महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी दिली. १९०४ मध्ये ते बडोदा संस्थानचे महसूलमंत्री झाले. तेथे त्यांनी सारापद्धतीत सुधारणा केल्या, जाचक किरकोळ कर हटवले, न्याय आणि कार्यकारी कामे वेगळी करण्यास आणि स्थानिक संस्थांना अधिकार देण्यास चालना दिली. १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू झाले. तो निर्णय सयाजीरावांचा, पण त्या काळच्या प्रशासनात दत्त होते.

१९०५ मध्ये बनारस येथे भरलेल्या पहिल्या औद्योगिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १९०७ मध्ये विकेंद्रीकरणासाठी नेमलेल्या शाही आयोगावर त्यांची नियुक्ती झाली. त्यानंतर १९०९ मध्ये ते दिवाण म्हणून बडोद्यात परतले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला वयाच्या ६१ व्या वर्षी बडोद्यातच त्यांचे निधन झाले.

दत्त यांच्यावर आक्षेप कोणते?

सर्वात मोठा आक्षेप कायमधाऱ्यावरचा आहे. बंगालचा सरकारी सारा कमी होता, हे खरे. पण जमीनदार आणि मधल्या हक्कदारांची साखळी कुळाकडून त्याच्या कितीतरी पट खंड वसूल करत होती. कूळ कायद्यांनी हे आटोक्यात येईल, असा दत्त यांना विश्वास होता. तो फोल ठरला. १९४० मध्ये फ्लाउड आयोगाने जमीनदारी रद्द करण्याची शिफारस केली आणि १९४३ मध्ये याच बंगालमध्ये महाभयंकर दुष्काळ पडला. पंचविशीत कुळांच्या बाजूने लिहिणारे दत्त पन्नाशीनंतर जमीनदारी पद्धतीकडे सौम्यपणे पाहू लागले, अशी टीका डाव्या विचारांच्या अभ्यासकांनी केली.

दुसरा आक्षेप आकड्यांवर आहे. रेल्वेचे भांडवल किंवा कर्जावरचे व्याज ही सेवेची किंमत होती, ती सगळी लूट कशी म्हणता येईल, असा प्रतिवाद थिओडोर मॉरिसन यांनी १९११ मध्ये केला. १९६३ मध्ये अमेरिकी अभ्यासक मॉरिस डी. मॉरिस यांनी एकोणिसाव्या शतकात भारत गरीब झाला, या गृहीतकालाच आव्हान दिले. त्याला बिपन चंद्र आणि तपन रायचौधुरी यांनी सविस्तर उत्तर दिले. हा वाद अजून संपलेला नाही. उत्सा पटनाईक यांनी निःसारणाचा आकडा ४५ ट्रिलियन डॉलरपर्यंत नेला, तर तीर्थंकर रॉय यांच्यासारखे इतिहासकार असे हिशेब मान्य करत नाहीत. त्यातही दत्त यांनी वापरलेल्या चक्रवाढ व्याजाची पद्धत हाच कळीचा मुद्दा आहे.

तिसरे, दत्त यांनी ब्रिटिश सत्ता संपवण्याची मागणी कधी केली नाही. कारभारात भारतीयांना वाटा मिळाला तर धोरणे बदलतील, असे ते अखेरपर्यंत मानत होते.

पुढे प्रभाव कुठे दिसला?

दत्त यांच्या निधनाच्या अवघ्या काही दिवस आधी, नोव्हेंबर १९०९ मध्ये, लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या जहाजावर मोहनदास गांधी 'हिंद स्वराज' लिहीत होते. दत्त यांचा आर्थिक इतिहास वाचून आपल्याला रडू आले, असे गांधीजींनी त्यात नमूद केले आणि पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या वाचनयादीत या ग्रंथाचा समावेश केला. दत्त यांनी आकडेवारीने मांडलेला विणकरांचा ऱ्हास पुढे चरखा आणि खादीच्या राजकारणात मध्यवर्ती ठरला.

स्वातंत्र्यानंतर १९६० मध्ये केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने हे दोन्ही खंड पुन्हा छापले. त्यांना चिकित्सक प्रस्तावना लिहिली ती पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी. सहकारी साखर कारखानदारीचे हे आधारस्तंभ पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. शेतकऱ्याची शिल्लक त्याच्याच हाती कशी राहील, हा प्रश्न दत्त यांनी साऱ्याच्या अंगाने सोडवू पाहिला होता. गाडगीळ यांच्या पिढीने त्यासाठी सहकार आणि पतपुरवठ्याचा मार्ग धरला. शेतसारा आज नगण्य उरला आहे. एक हंगाम वाया गेला की शेतकरी कर्जाच्या दारात का उभा राहतो, हा प्रश्न मात्र दत्त यांच्या पत्रांना सव्वाशे वर्षे उलटल्यावरही कर्जमाफी आणि पीकविम्याच्या प्रत्येक चर्चेत कायम आहे.